बेखमीर

शनिवारी संध्याकाळी झुंबरबाईंनी पांढऱ्या फडक्यातली परात सोडली, पीठ चाळून घेतलं आणि तांब्यातलं पाणी ओतणार तेवढ्यात कारभारी भाऊ दारातून म्हणाले,

"ऱ्हाऊ द्या बाई. या महिन्याला दुसरी कोणी करील."

तांब्या तसाच हातात राहिला. नंदुरबारकडून कारखान्यांच्या कामाला सामरवरणीच्या पत्र्याच्या खोल्यांत आलेल्या ख्रिस्ती घरांची ही छोटी मंडळी. महिन्याच्या पहिल्या रविवारी नवापूरहून पाळक यायचे आणि प्रभुभोजन व्हायचं. त्याची बेखमीर भाकर मंडळी सुरू झाल्यापासून झुंबरबाईंच्याच हातची. कारभारी भाऊ मंडळीचे वडील, म्हणजे पुढारी; यार्नच्या कारखान्यात सुपरवायझर. इस्त्रीच्या शर्टाशिवाय कोणी त्यांना पाहिलं नव्हतं.

"का म्हणून?" झुंबरबाईंनी विचारलं.

भाऊंनी खोलीच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे झुंबरबाईंची मुलगी चंदा बाळाला पाजत बसली होती. तिने पदर ओढून भिंतीकडे तोंड केलं. बाळाचा बाप कंत्राटदाराचा माणूस होता. चंदाला दिवस गेल्याचं दिसू लागलं आणि तो वापीकडे गेला तो गेलाच.

"भाकर म्हणजे प्रभूचं शरीर, बाई. प्रभूच्या ठायी पापाचा लवलेश नाही. मग हात, घर, सगळं तसंच पाहिजे ना?"

"प्रभूनं महारोग्याला हात लावला," झुंबरबाई म्हणाल्या, "तवा प्रभू बाटला, का महारोगी बरा झाला?"

"ते वेगळं."

"काय वेगळं? बाटतं ते आपलं सोवळं, भाऊ. प्रभू बाटत नसतो. माझ्या पोरीच्या सावलीनं त्याला डाग पडत असंल, तर असला नाजूक देव मला नको. तुम्हीच ठेवा कपाटात!"

भाऊंचे कान लाल झाले. "सलाम," म्हणाले आणि निघून गेले. बाप्तिस्मा त्यांच्या आजोबांनी घेतला होता, पण सुंभ जळला तरी पीळ जातो थोडाच!

भाऊ आता निष्पाप हात शोधायला निघाले. खरं तर नुसतं "भाकर करा" म्हटलं असतं तर कोणीही करून दिली असती. पण भाऊ पडले नियमाचे. प्रत्येक दारात ते आधी सांगत, "निष्पाप प्रभूची भाकर आहे, हात तसा पाहिजे," आणि मग विचारत.

वासंतीने पिठाचा डबा काढलाही होता. हे वाक्य ऐकून तिने तो पुन्हा फळीवर ठेवला आणि पीठ संपल्याचं सांगितलं. चिमाबाई मंडळीत सगळ्यांत म्हाताऱ्या, प्रार्थनेला बसल्या की उठायचं नाव नाही. त्यांनी बराच वेळ डोळे मिटले. मग म्हणाल्या, "दुसरीला सांग रे बाबा." शेवटी भाऊ घरी आले. बायको भाजी चिरत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "मला नका विचारू." का, हे विचारायची भाऊंची छाती झाली नाही.

बेकरीचा पाव पाळकांना चालत नसे, त्यात खमीर. म्हणून रविवारी सकाळी भाऊ स्वतःच परात घेऊन बसले. पिठात बोटं घातली आणि थांबले. चंदाला पॅकिंगला लावलं होतं त्यांनीच. तो कंत्राटदाराचा माणूसही त्यांच्याच ओळखीचा. पोरगी एकदा केबिनशी येऊन काहीतरी सांगायला बघत होती, तेव्हा भाऊंनी तिला मशीन बंद पडेल म्हणून परत पाठवलं होतं. ते आजवर त्यांना आठवलं नव्हतं असं नाही, पण पिठात हात घालून कधी आठवलं नव्हतं.

पाळकांची एसटी यायला तासभर उरला होता. भाऊ पिठाचा डबा घेऊन झुंबरबाईंच्या दारात उभे राहिले. शर्टाला इस्त्री नव्हती.

"माझं चुकलं बाई. भाकर करून द्या."

झुंबरबाई चहा गाळत होत्या. गाळून झाला, गाळणी झटकून झाली, मग म्हणाल्या, "मी नाही करायची."

"मंडळी खोळंबेल."

"खोळंबू द्या. भाकर होईल, पण चंदा करील."

"आई, नको गं," कोपऱ्यातून चंदा म्हणाली.

"ऊठ."

"मग याला कोण घेईल?"

झुंबरबाईंनी चहाचा कप स्वतःच्या दोन्ही हातांत घट्ट धरला आणि भाऊंकडे पाहिलं. नजर काढली नाही. भाऊंनी डबा खाली ठेवला. चंदा उठली आणि तिने बाळ त्यांच्या हातात दिलं.

चंदा मोरीवर गेली. साबण लावून हात धुतले. पुन्हा लावून धुतले. मग नखं घासायला लागली, कोपरापर्यंत चोळायला लागली, थांबेचना.

"पुरे, पोरी," भाऊ म्हणाले. "स्वच्छ आहेत हात."

चंदाने पाणी बंद केलं आणि पीठ मळायला बसली. झुंबरबाईंनी स्टोव्हला पंप मारून तवा चढवला. त्यांची पाठ दाराकडे होती आणि नाक ओढल्याचा आवाज स्टोव्हच्या फरफरीत बुडाला. बाळाने भाऊंच्या खिशातलं पेन ओढून काढलं.

"नाव काय ठेवलं याचं?" भाऊंनी विचारलं. बाळ तीन महिन्यांचं झालं होतं. मंडळीत मूल आणलं की मंडळीच्या वडिलांनी उभं राहून मोठ्याने त्याचं नाव विचारायचं, अशी रीत. याचं अजून कोणी विचारलं नव्हतं.

"असं चोरून इथं नाही सांगायची," झुंबरबाई न वळता म्हणाल्या. "मंडळीत विचारा, सगळ्यांदेखत. तिथं सांगते."

भाकर भाजून झाली, निवली, पांढऱ्या फडक्यात बांधली गेली. बाहेर उपासनेला निघालेल्या बायका दारापाशी रेंगाळल्या होत्या. वासंती होती, चिमाबाई होत्या. चंदाने हात पुसले आणि बाळासाठी पुढे केले.

"तू भाकर घे," भाऊ म्हणाले. "याला मी आणतो."