तेरावी खाट

“मग फोटो काढून टाक की!” दारात बसून बुटाची लेस ओढत नवरा म्हणाला. “फोनमध्ये जागा कुठली राहणार? साडेतीन हजार फोटो आहेत त्यात. पोरगी एकच आहे आपल्याला.”

“एकच आहे म्हणून तर.”

“आणि त्यातले तीन हजार झोपेतले. मी पाहिलेत. सगळे सारखे.”

“सारखे नाहीत. पोट वरखाली होतंय का ते बघायला काढलेत.”

त्याने दुसऱ्या बुटाची लेस ओढली. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. अडकलेल्या लिफ्टमधल्या लोकांशी बाहेरून सावकाश बोलायची त्याला सवय होती. “बरं, फोटो राहू दे. तू पोस्ट लिहितेस ते मोठं ॲप काढ. त्याच जागी जायला दुसऱ्यांनी बनवलेली छोटी ॲप्स मिळतात. दार वेगळं, घर तेच. आमच्याकडे सगळे तेच वापरतात. दोन-चार घालून बघ, चालेल ते ठेव.” आणि पिशवी खांद्याला लावून तो निघून गेला.

फोन जुना होता आणि ते ॲप म्हणजे नाकापेक्षा मोती जड. चार ओळी लिहिल्या की पडदा पांढरा व्हायचा आणि लिहिलेलं जायचं. दुसऱ्या कुणी फोन आपटून सोडून दिला असता. तिला ते परवडणारं नव्हतं. ठमी झाल्यापासूनच्या आठ महिन्यांत मोठ्या माणसांशी तिचं जे काही बोलणं झालं होतं, ते बहुतेक त्या ॲपवर दोन-चार ओळींच्या पोस्ट लिहूनच. घरात दिवसभर ती आणि ठमी. त्यातली एक बोलत नव्हती.

त्याआधी सहा वर्षं ती नर्स होती. बारा खाटांचा वॉर्ड, तीन पाळ्या. आता रजा महिनाअखेरीला संपत होती. ओपीडीतल्या इंजेक्शनच्या खोलीत दिवसाची ड्यूटी मिळावी म्हणून तिने अर्ज केला होता. मिळाली तर खालच्या मजल्यावरच्या बाई ठमीला सांभाळायला तयार होत्या. नाही मिळाली तर राजीनामा, कारण रात्रपाळीला ठमीला कुणाकडे ठेवणार? मेट्रनबाई निर्णय आज देणार होत्या, आणि तो देण्याआधी वॉर्डातल्या सिस्टरांपैकी सगळ्यांत जुन्या सिस्टरला विचारणार होत्या. त्या म्हणजे ताई. सगळा वॉर्ड त्यांना ताईच म्हणायचा. तिला सलाइन लावायला शिकवलं ते त्यांनी. तिच्या प्रत्येक पोस्टखाली न चुकता उत्तर असायचं तेही त्यांचंच. ‘आज ठमी सारखी डाव्या कुशीवरच झोपते. उजवी का नको?’ असं तिने लिहिलं की पाच मिनिटांत खाली हजर: ‘धीर धर गं राणी, आम्ही आहोत ना.’ पुढे लाल बदामाचं चित्र.

ठमी जेवून झोपली तशी ती खिडकीशी बसली आणि नवीन पेशंट तपासावा तशी एकेक ॲप तपासायला लागली.

पहिल्याने उघडल्या उघडल्या वजन कमी करायच्या गोळीची जाहिरात दाखवली. तिने स्वतःच्या पोटाकडे एकदा पाहिलं आणि ते काढून टाकलं. दुसरं दिसायला देखणं, पण आत पाऊल ठेवायच्या आधीच फोनमधले सगळे नंबर, घराचा पत्ता आणि माइक मागायला लागलं. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनीसुद्धा इतक्या चौकशा केल्या नव्हत्या. तेही गेलं. तिसरं कुरूप होतं. राखाडी, चित्रं नाहीत, सगळं एकाखाली एक, एखाद्या फॉर्मसारखं. पण झटकन उघडलं. तिने ‘नवीन ॲप. चालतंय का बघते,’ एवढं लिहिलं, ते गेलं, आणि पडदा पांढरा झाला नाही. तिला इतकं बरं वाटलं की ती उगाच सगळीकडे बोट लावत फिरली. मोठं ॲप जे पाच दारांआड ठेवायचं, ते हे ॲप पहिल्याच पानावर मांडून बसलं होतं.

तुमच्या पोस्ट: ४१२. तुम्हाला वाचणारे: ३८. तुम्ही ज्या याद्यांत आहात: १.

याद्यांचं तिला ऐकून माहीत होतं. निवडक माणसांचं लिहिणं एका जागी वाचता यावं म्हणून कुणीही अशी यादी करू शकतं, तिला नाव देऊ शकतं, आणि इतरांनाही ती वाचायला बोलावू शकतं. आपल्याला कुणी यादीत घेतलं तर तशी सूचना येते म्हणे. तिने सूचना आठ महिन्यांपूर्वीच बंद केल्या होत्या. टुंग वाजलं की ठमी दचकायची.

तिने बोट लावलं.

यादीचं नाव होतं ‘तेरावी खाट’. खाली एक ओळ: ‘बेल वाजेल. जाऊ नका.’ आणि हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा. यादी करणारी: ताई.

वॉर्डाबाहेरच्या कुणाला यातलं काही कळलं नसतं. वॉर्डात खाटा बाराच. तेरावी खाट म्हणजे ज्याला काही झालेलं नसतं, पण जो दर पंधरा मिनिटांनी बेल वाजवतो तो पेशंट. दुष्काळात तेरावा महिना तसा बारा खाटांत हा तेरावा. “सहा नंबरला कोण आलंय?” “तेरावी खाट आहे गं,” एवढं म्हटलं की पुढच्या पाळीवालीने काय समजायचं ते समजावं आणि बेल वाजली तरी चहा संपवून उठावं. तीही हसायची. तीही चहा संपवायची. एकदा सहा नंबरला अशाच एक बाई होत्या. दोन दिवस त्यांनी बेलवरचं बोट काढलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी बेल वाजवणंच सोडून दिलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. सगळ्याजणी म्हणाल्या, सुटलो. तीही म्हणाली.

यादीत चौदा बायका होत्या आणि ती वाचणारे तेवीसजण. तिने तेवीस नावं वरून खाली वाचली. दिवसपाळीच्या सिस्टर. रात्रपाळीच्या सिस्टर. एक्स-रेवाला. केसपेपरच्या खिडकीवरचा कारकून. एकोणिसाव्या जागी मेट्रनबाई.

म्हणजे ‘रात्री नऊदा उठून श्वास बघितला’ हे त्यांनी वाचलं होतं. ‘दूध ओकली, रंग जरा वेगळा होता, फोटो टाकू का?’ हेही. आणि तिने टाकलेला तो फोटोही.

तिने फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

पावणेचारला फोन आला. ताईच होत्या.

“काय गं राणी, आज तब्येत बरी ना? दुपारच्या त्या एका ओळीशिवाय तुझं काही नाही. चुकल्याचुकल्यासारखं झालं बाई आम्हाला.”

“फोन बिघडला होता, ताई. नवीन ॲप टाकलं.”

“वाचलं ते. टाक टाक. तुझं वाचल्याशिवाय आमचा चहा उतरत नाही घशाखाली.” मागे कुणीतरी फिसकन हसलं, ताईंनी बहुतेक हात उडवून गप्प केलं. मग आवाज खाली आला. “ऐक ना. मेट्रनबाईंशी बोलले मी. त्या म्हणतात, अजून सहा महिने घरीच राहू दे तिला.”

“सहा महिने रजा नाहीये माझी.”

“ते आहेच गं. पण त्या म्हणतात, मन थाऱ्यावर नाही तिचं. इंजेक्शनची खोली म्हणजे दिवसाला दोनशे सुया, तिथे घाबरट माणूस नको. मी म्हटलं हो बाई त्यांना, मुलगी गुणी आहे माझी.”

“घाबरट कुणी सांगितलं त्यांना?”

“अगं, सांगायला कशाला पाहिजे? दिसतं ना माणसाला.”

बोलण्यासारखं खूप होतं. चारशे बारा पोस्ट होत्या, एकोणिसावं नाव होतं. पण नोकरी सोडल्याचा दाखला ताईंच्याच हातून जायचा होता, आणि पुढे कुठल्याही दवाखान्यात गेली तरी तिथून फोन यायचा तो ताईंनाच. पाण्यात राहून माशाशी वैर कसं करणार?

“ताई,” तिने विचारलं, “वॉर्डात खाटा किती आहेत हो आता?”

पलीकडे कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

“बाराच की,” ताई म्हणाल्या. “का गं?”

“काही नाही. सहज.”

“बरं बरं. ठेवू मग? राउंड आहे.” आणि फोन ठेवला गेला. राउंड पाचला असतो.

ती पुन्हा त्या यादीत गेली. स्वतःच्या पोस्ट एकेक करून पुसाव्यात असं तिच्या मनात होतं, पण पानावर सगळ्यांत वर दुसऱ्याच कुणाचं लिहिणं होतं. चौदांमधलीच एक. ओळखीची नव्हती, फोटोच्या जागी नुसतं एका बाळाचं पाऊल. सहा मिनिटांपूर्वी लिहिलं होतं: ‘सकाळपासून सात वेळा जुलाब झालेत बाळाला. पाणी पाजलं तरी ओकतोय. आता रडायचाही थांबलाय. कुणी आहे का?’

खाली एकच उत्तर. तेच वाक्य, तोच बदाम. धीर धर गं राणी.

तिने ते दोनदा वाचलं. मग सरळ होऊन बसली. तेवीसजण वाचणार हे तिला माहीत होतं. उद्या चहाबरोबर वाचतील, मोठ्याने वाचतील. तिने लिहिलं: ‘बाळ किती महिन्यांचं? टाळूवर हलका हात फिरवा, खोल गेलीये का? तोंड आतून कोरडं आहे का?’

दोन मिनिटांनी उत्तर आलं. ‘अकरा महिने. टाळू खोल वाटते. तोंड कोरडं. तुम्ही कोण?’

‘नर्स,’ तिने लिहिलं. ‘चमच्याने थोडं थोडं पाणी तोंडाला लावत राहा आणि आत्ताच्या आत्ता दवाखान्यात निघा, उद्यावर नको. निघता निघता सांगा, शेवटची लघवी कधी झाली?’

आतल्या खोलीत ठमीने कूस बदलल्याचा आवाज आला. तिने मान वळवून पाहिलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, सकाळचं वर्तमानपत्र ओढून घेतलं आणि त्याच्या कोऱ्या कडेवर नीट अक्षरात लिहिलं: दुपारी तीन छप्पन्न, अकरा महिने, जुलाब सात, टाळू खोल, तोंड कोरडं. त्यापुढे ‘लघवी’ असं लिहून एक आडवी रेघ मारली, आणि रेघेच्या पुढे जागा सोडून पेन हातातच धरून बसली.