इब्रामपूरचे मणगणे आणि माझे जठर

माझ्या शरीरातील सर्वांत भित्रा अवयव हृदय नसून जठर आहे, हे मला फार लवकर कळले. हृदय भ्याले तर निदान धडधडते. त्याच्या भीतीला काही शोभा असते. जठर भ्याले की नुसते थांबते. आत आलेले अन्न कवटाळून, दार लावून, दुपारच्या पेडणे बाजारातल्या दुकानासारखे निपचित पडून राहते. डिचोलीच्या एका शाळेत मी नववीला शास्त्र शिकवतो. दरवर्षी फळ्यावर जठराची आकृती काढताना आपण आपलेच चित्र काढीत आहोत असे मला वाटते: एका अंगाला झुकलेली, कुणाच्या तरी आधाराने लोंबणारी, अबोल पिशवी.

मुलांना मी सांगतो की, घास जिभेवर येण्याआधीच जठररस पाझरू लागतो. नुसता वास पुरतो, कधी नुसती आठवणही पुरते. मेंदूतून निघालेला मज्जातंतू खाली निरोप पोचवतो, आणि आम्ल व पेप्सिन कामाला लागतात. मग जठर आपल्या खालच्या टोकाचे दार किलकिले करून अन्न थोडे थोडे पुढे सोडते. पातळ पदार्थ आधी, स्निग्ध सर्वांत शेवटी. कारण तुपाखोबऱ्याचा अंश पुढच्या आतड्यात उतरला की ते आतडेच वर कळवते, जरा दमाने, इथे अजून काम आटोपलेले नाही. भीतीचाही परिणाम असाच होतो. हे सारे मी फार अधिकाराने सांगतो. अधिकार अनुभवाचा असतो, हे मुलांना ठाऊक नसते.

पद्मावतीला मी वर्षभर पाहत होतो, असे म्हटले तर ते फार धीट वाटेल. डिचोलीच्या वाचनालयात मी वर्षभर तिच्या समोरच्या बाकावर बसत होतो, इतकेच. ती तिथल्याच एका प्राथमिक शाळेत शिकवायची, आठवडाभर आतेकडे राहायची आणि शनिवारी इब्रामपूरला आपल्या घरी जायची. वाचनालयात मराठी वर्तमानपत्राची एकच प्रत येई. ती विचारी, "झालं वाचून?" मी म्हणे, "हो." या दोन वाक्यांवर मी पावसाळा, हिवाळा आणि काजूचा मोसम काढला. तिसरे वाक्य रोज घरून तयार करून नेत असे आणि रोज तसेच परत आणत असे.

म्हणून एप्रिलअखेर पार्श्याला आमच्या घरी येऊन कृष्णनाथमामांनी, "इब्रामपूरच्या रामचंद्राचां चेडू आसा, डिचोलीक शिकयता," असे माझ्यासाठी स्थळ म्हणून आईला सांगितले, तेव्हा मी पाण्याचा तांब्या हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात बराच वेळ उभा राहिलो. आईने विचारले, "तुका काय वाटता?" मी म्हणालो, "बघू." आयुष्यातला सर्वांत मोठा आनंद मी या एका शब्दात बसवला.

गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, आम्ही निघालो. मामा पेडण्याचे किराणा व्यापारी. स्वभावाने मोकळे, आवाजाने त्याहून मोकळे. सकाळी पेडण्यात बस बदलायची होती. मधल्या वेळात मामांनी मला त्यांच्या नात्यातल्या वत्सलाक्कांच्या दारात नेले.

"मामा, आपण चहा घेऊन निघालोय."

"अरे, दारावरून गेलां आणि भितर नाय शिरलां तर वत्सलाक्का म्हातारी होयपर्यंत बोलतली. दोन मिन्टां बस."

वत्सलाक्कांनी ताजे उंडे, आमच्याकडचे गोल पाव, आणि वर तेलाचा तवंग आलेली पातळ भाजी वाढली. मी एक उंडा खाऊन हात आवरला.

"मास्तर झालो म्हणान काय वाऱ्यार जगतलो?" त्या म्हणाल्या आणि दुसरा उंडा माझ्या ताटात पडला. नाही म्हणण्यासाठी जे बळ लागते ते माझ्यात नाही, आणि म्हणून जगातील बरेचसे अन्न माझ्यात आहे.

पुढे चांदेलला मामांच्या मेहुणीचे घर. तिथे तांदळाच्या शेवयांचे शिरवाळे होते, आणि त्यांच्यावर ओतलेला नारळाचा गोड, दाट रस. मी वाटीत बोटभर उरवले; मेहुणीचा चेहरा पडला; मी तेही प्यायलो. तिथून बाहेर पडून आम्ही बसची वाट पाहत आंब्याखाली थांबलो, तेव्हा मामा धोतराला हात पुसत म्हणाले, "एक सांगूचां ऱ्हवलां. त्या घरात एक रीत आसा."

रीत अशी होती. रामचंद्रकाकांच्या घरी मुलगी पाहायला येणाऱ्याला मणगण्याची वाटी देतात. चण्याची डाळ, साबुदाणा, गूळ आणि नारळाचा रस यांची ती खीर. मुलगी पसंत असेल तर त्याने वाटी संपवायची. नसेल तर तशीच ठेवून उठायचे. तोंडाने कुणी काही विचारायचे नाही, कुणी काही सांगायचे नाही. पूर्वी त्या घरातल्या एका मुलीला पाहुण्याने तोंडावर नकार दिला होता आणि तिने तो फार मनाला लावून घेतला होता. तेव्हापासून हे चालत आले.

किती सुंदर रीत, असे मला वाटले. जणू माझ्यासारख्या मुक्या माणसासाठीच कुणा कनवाळू पूर्वजाने ती योजून ठेवली होती. वर्षभर न जमलेले तिसरे वाक्य मला चमच्याने बोलता येणार होते. आणि त्याच क्षणी माझ्या जठराने, उंडे, तवंग आणि नारळाच्या रसासकट, आपले खालचे दार लावून घेतले.

"मामा, हे आधी का नाही सांगितलंत?"

"आदी सांगून काय करतलंस? मणगणां कोणाक नाका जाता?"

रामचंद्रकाकांचे घर रस्त्यापासून आत, काजूच्या झाडांमागे होते. सोप्यावर पाट मांडले होते. रामचंद्रकाका उंच, हाडकुळे आणि सौजन्याने वागणारे. पण मामांना पाहताच त्यांच्या डोळ्यांत कालच्या घोषणेची चमक आली.

"जालां मगे राज्य," ते म्हणाले.

"राज्य जालां, पण भाशेचां काय?" मामा पाटावर टेकता टेकता म्हणाले. "मराठीक बाजूक सारून चलूचां नाय."

"बाजूक कोण सारता? पण घरात उलयता ती भास आपली न्हय?"

दोघे इरेला पेटले. मामा मराठीसाठी भांडत होते, रामचंद्रकाका कोंकणीसाठी, आणि दोघेही ज्या बोलीत भांडत होते ती यांपैकी कोणती, हे त्यांना थांबवून विचारण्याची माझी छाती नव्हती. मी मनोमन त्यांना दीर्घायुष्य चिंतीत होतो. वाद जितका लांबेल तितका जठराला अवकाश मिळणार होता. गोव्याला कालच राज्य मिळाले. माझ्या जठराने स्वतःचा वेगळा कारभार फार पूर्वीच सुरू केला होता आणि केंद्राचे तिथे काही चालत नव्हते.

मग गंगाआते वाटी घेऊन आल्या. डिचोलीला पद्मावती ज्यांच्याकडे राहायची त्या याच. मागे पद्मावती पाण्याचा पेला घेऊन आली, तो माझ्यासमोर ठेवून दाराशी उभी राहिली. वाचनालयात तिला मी नेहमी वर्तमानपत्राच्या वरच्या कडेवरून पाहिले होते. मध्ये कागद नसताना पाहण्याची सवय नव्हती. मी वाटीकडे पाहिले. काठापर्यंत भरलेली होती. गुळाचा वास आला, डाळ दिसली, वरून सोडलेले काजूगर दिसले. शास्त्राप्रमाणे आता रस पाझरायला हवा होता. तो पाझरलाही असेल; पण जागेअभावी कुठे गेला असेल कुणास ठाऊक.

मी चमचा भरला, तोंडापर्यंत नेला आणि घशाने तो परत पाठवला. दुसऱ्यांदा तसेच झाले. घाम मानेवरून सदऱ्यात उतरला. भाषेचा वाद थांबला. सर्वांना माझ्या चमच्याचा वाटीवर होणारा आवाज ऐकू येऊ लागला, आणि मी चमचा खाली ठेवला.

रामचंद्रकाकांनी नजर अंगणाकडे वळवली. रीत पाळणाऱ्या माणसाची ती सभ्यता होती.

काही तरी बोलणे भाग होते. मी तोंड उघडले, आणि मला जे एकच नीट बोलता येते ते बाहेर पडले. "त्याचं असं आहे, जठराच्या खालच्या टोकाला एक स्नायूंचं वर्तुळ असतं," मी म्हणालो. "अन्नात स्निग्धांश जास्त असला, किंवा मनावर ताण असला, तर ते लवकर उघडत नाही." नववीच्या वर्गाला जे तासभर चालते ते मी तिथे एका श्वासात सांगितले. आम्लाचा उल्लेखही मी टाळला नाही.

 मग रामचंद्रकाकांनी हलक्या आवाजात मामांना विचारले, "पोटाचो आजार आसा?"

"छे, छे," मामा घाईने म्हणाले. "ल्हानपणापासून असांच."

माझ्या बाजूने यापेक्षा भक्कम साक्ष कुणी दिली नसती. रामचंद्रकाकांनी "बरां" म्हटले. तो शब्द त्यांनी इतक्या समजूतदारपणे उच्चारला की मला आपली तिरडी बांधल्याचा भास झाला. गंगाआते वाकल्या आणि त्यांनी वाटी उचलायला हात पुढे केला.

वाटी उचलली गेली की सारे संपले. सोमवारी वाचनालयात ती "झालं वाचून?" असेही विचारणार नव्हती. मी वाटीवर हात ठेवला. विचार करून नव्हे. माझा तो हात माझ्यापेक्षा धीट निघाला. आते थांबल्या. त्यांना काय करावे कळेना, मलाही.

"सकाळपासून काय काय खाल्लंत?" दारातून पद्मावतीने विचारले.

"उंडे. दोन. पातळ भाजी. मग शिरवाळे. रस."

"आणि ही रीत माहीत नव्हती?"

"चांदेलनंतर कळली."

तिने मामांकडे पाहिले. मामा छपराचे वासे पाहू लागले.

"नको असेल तर वाटी ठेवून जायची असते," ती म्हणाली. "तिच्यावर असा हात नसतात ठेवत."

"नको नाहीये," मी म्हणालो. "जागा नाहीये."

गंगाआते पदरात तोंड घालून हसल्या. माझ्या आयुष्यातील मागणी मी या शब्दांत घातली, आणि अजूनही एकांतात ते आठवले की मला कान झाकून घ्यावेसे वाटतात.

"जागा व्हायला किती वेळ लागतो?" तिने विचारले. ती थट्टा करीत नव्हती. शिक्षिकेने शिक्षकाला विचारावे तसे विचारले होते.

"साधं जेवण असतं तर दोन-तीन तास. यात नारळ आहे. जास्त लागेल."

"शेवटची बस संध्याकाळी आहे. बाबा, तुम्ही मामांना बागायत दाखवून या." आणि तिने वाटीवर ताटली झाकली.

रामचंद्रकाका क्षणभर घुटमळले. रीतीत हे कुठे बसते याचा ते विचार करीत असावेत. मग वहाणा घालून मामांना घेऊन काजूंमध्ये उतरले. थोड्याच वेळात झाडांमागून पुन्हा भाषेचा वाद ऐकू येऊ लागला. आते आत माजघरात, दार उघडे ठेवून, तांदूळ निवडत बसल्या. पद्मावती सोप्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. मध्ये झाकलेली वाटी.

ऊन अंगणात साचून राहिले होते. जमिनीवर पडलेल्या काजूच्या बोंडांना आंबूस, दाट वास येत होता. मला बोलायचे होते आणि नेहमीप्रमाणे काही सुचत नव्हते.

"तुम्ही वर्तमानपत्र दोनदा वाचता," ती म्हणाली. "एकदा माझ्याआधी आणि एकदा माझ्यानंतर."

"दुसऱ्यांदा वाचत नाही."

"ठाऊक आहे. परवा उलटं धरलं होतंत."

मी हसलो. मोठ्याने नाही, मला मोठ्याने हसता येत नाही. पण आत कुठे तरी एक गाठ सैल झाली. ती तिच्या दुसरीच्या वर्गाबद्दल सांगू लागली, घरी कोंकणी बोलून शाळेत मराठी वाचणाऱ्या मुलांबद्दल, पावसात गळणाऱ्या वर्गाबद्दल. मी मध्ये मध्ये बोललो. एक-दोन वाक्ये चक्क न योजता बोललो. सावल्या अंगण ओलांडून पायऱ्यांपर्यंत आल्या, आणि तिच्या एका वाक्याच्या मधोमध माझ्या पोटातून एक दीर्घ, गंभीर, ओढून नेल्यासारखा आवाज निघाला. रिकाम्या झालेल्या जठराच्या भिंती असा आवाज करतात; पाठ्यपुस्तकात ही गोष्ट एका ओळीत आहे, तिथे तिची लाज वाटत नाही.

आत तांदूळ निवडायचे थांबले.

पद्मावतीने ताटली उचलून वास घेतला आणि पुन्हा झाकली. "हे फिरलंय. उन्हात नारळाचा रस टिकत नाही. राहू दे. तुम्ही खायला तयार होतात, हे मी बाबांना सांगेन."

माझी सुटका झाली होती. पण तिने सांगितले असते तर तो होकार तिच्या तोंडून गेला असता, आणि माझा होकार पुन्हा एकदा घरून आणून परत नेल्यासारखा झाला असता. मी वाटी ओढून घेतली.

पहिल्या घासाला जीभ आखडली. डाळ दातांखाली मऊ होती, गूळ होता, आणि सगळ्यावर आंबटाची एक पातळ साय होती. मी दुसरा घास घेतला.

"आंबट आहे ना?"

"आहे."

"मग का खाताय?"

"आत याहून आंबट असतं," मी म्हणालो.

ती हसली नाही. पाय पोटाशी घेऊन, हनुवटी गुडघ्यावर टेकून, माझा प्रत्येक घास पाहत राहिली. मामा आणि रामचंद्रकाका काजूंमधून परत आले तेव्हा वाटीत थोडेसेच उरले होते. मामा काही बोलणार होते. रामचंद्रकाकांनी त्यांच्या दंडाला धरून त्यांना अंगणातच थांबवले. मी चमच्याने तळ खरवडला. तो आवाज चांगलाच मोठा होता, आणि या वेळी मी तो होऊ दिला.