कुसाबाईंची झोळी

जैसलमेरच्या पुढे वाळूत झाड म्हणून नव्हतं. मग मीच अक्कल पाजळली. गंगापूर रोडवरून हौसेनं घेतलेला हॅमॉक पाठीला पाठ करून उभ्या केलेल्या आमच्या दोन गाड्यांच्या टपावरच्या कॅरिअरना बांधला. सासूबाईंसाठी, म्हणजे कुसाबाईंसाठी. विंचवाच्या धास्तीनं त्या खाली पाठच टेकेनात. "या वयात झोळीत घालतेस व्हय गं?" म्हणत चढल्या आणि लगेच घोरायलाही लागल्या.

दुसरी गाडी भिकनभाऊजींची. सटाण्याचे माझे मावसदीर. ते तंबूत आधीच आडवे झालेले, त्यांना हॅमॉकचा पत्ताच नव्हता. बरं, त्यांची एक खोड. सप्तशृंगीचा जयघोष करायचा, गाडीतून 'जय' आलं की मगच गिअर टाकायचा. चहासाठी थांबलो तरी तेच! "भाऊजी, देवीला दुसरी कामं नाहीत का?" असं मी तोंडावर बोलले होते.

उजाडताना मी बाटली घेऊन टेकाडाआड गेले. परतताना पाहते तर काय, भाऊजी किटली घेऊन गाडीत बसतायत. दूध आणायला निघाले! मागच्या काचेला गाद्यांचा ढीग, त्यांना काय कप्पाळ दिसणार? इंजिन सुरू झालं. गाडी हलली की सासूबाई फरफटत जाणार.

"भाऊजी! थांबा!" वारा समोरून, माझा आवाज माझ्याच घशात. धावले, वाळूत पाय रुतला, तोंडावर आपटले. माझा नवरा रोहित तंबूत ढाराढूर. ऊठ ना मेल्या! सासूबाईंना काही झालं तर मीच मारलं त्यांना, मीच बांधलं होतं.

वाऱ्यावर भाऊजींची आरोळी आली, एकटे असूनही, सवयीनं. "बोला, सप्तशृंगी माता की…"

आणि झोळीतून, झोपेतच, सासूबाई ओरडल्या, "जय!"

झालं. आता गिअर पडणार. मी डोळे मिटले.

इंजिन बंद झालं. दार उघडून भाऊजी पांढरेफटक होऊन खाली उतरले. "कोन शे? गाडीत तर मी एकलाच!"

मी जाऊन सासूबाईंना मिठीच मारली. "रडतेस काय? चहा झाला का?" त्या म्हणाल्या. भाऊजींनी त्यांना अलगद खाली उतरवलं, गाठी सोडल्या आणि पुन्हा गाडीत बसले.

"बोला, सप्तशृंगी माता की…"

मी अजून पदरानं डोळेच पुसत होते. सासूबाईंनी कोपर मारलं. "म्हण की गं. त्याला दूध आणायचंय."

रडत रडत म्हटलं, पण सगळ्यात मोठ्यानं म्हटलं.