हाकेला ओ

घड्याळजी जमिनीवर मांडी घालून मांजरीच्या वाडग्यावरचं नाव ब्लेडनं खरवडत होता. लाल तैलरंगातली ती अक्षरं त्यानंच हौसेनं काढली होती, आणि आता ती निघता निघत नव्हती.

"अरे, आटप! टॅक्सी आली," बायको खिडकीतून म्हणाली.

"आ गेला. 'त्या' निघत नाहीये."

"मग वाडगा लपव कुठेतरी!"

मांजर शेजारी बसून हा उद्योग बघत होती. तिचं नाव आत्या. ते कुणी ठरवून ठेवलं नव्हतं, तिला आपसूक चिकटलं होतं. घरात आली त्या पहिल्याच संध्याकाळी तिनं पुस्तकांच्या फळीवर पंजा टेकवला, उचलून त्याला लागलेली धूळ पाहिली आणि मग बायकोकडे पाहिलं. "अगदी तुझ्या आत्या!" बायको म्हणाली, आणि बारसं झालं. पाहुणा मोठ्यानं हसला की ती त्याच्याकडे पाठ करून बसे. दुधाला उशीर झाला तर दुधाला तोंड लावत नसे. नुसती वाडग्याजवळ बसून राही, म्हणजे देणाऱ्याला आपली चूक कळावी. घड्याळजी दुरुस्तीला बसला की टेबलावर चढून, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून, एखादा बारीक स्क्रू सावकाश कडेपर्यंत ढकलत नेई. पडला की खाली वाकून बघायची तसदीही घेत नसे.

आता खऱ्या आत्या येत होत्या. त्याच्या वडिलांची बहीण, निवृत्त मुख्याध्यापिका. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, घर तिसऱ्या मजल्यावर आणि घरात दुसरं माणूस नाही. इथेच राहा, म्हणून नवराबायकोनं परोपरीनं विनवलं होतं. त्यांचं उत्तर एकच, "आठवडाभर पाहुणी म्हणून येते, पाहुणीसारखी जाईन." सगळं घराणं त्यांना अहो-जाहो करी. घड्याळजी तर त्यांच्यासमोर अजूनही हाताची घडी घालून उभा राही.

मांजरीचं नाव तेवढ्यापुरतं 'मनी' ठरलं. 'मनी' अशी हाक ऐकली की ती मागे वळून बघे, ही मनी कोण आली म्हणून.

"ही माझ्याकडे अशी काय बघते?" आत्यांनी आल्या आल्या विचारलं.

"सवय आहे तिची," घड्याळजी म्हणाला.

"वाईट सवय," असं म्हणून आत्याही तिच्याकडे तशाच बघत राहिल्या.

आठवडा जीभ सांभाळण्यात गेला. आत्या निघणार त्याच्या आदल्या दुपारी बायको दवाखान्यात कामावर होती. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून एका नाजूक घड्याळात केसासारखी स्प्रिंग बसवत होता. श्वाससुद्धा रोखलेला. तेवढ्यात स्वयंपाकघरात सायीच्या पातेल्यावरचं झाकण वाजलं.

"आत्या!" मान वर न करता तो ओरडला. "हो मागे! घातलंस ना पुन्हा सायीत तोंड? ढोली झालीयस नुसती, तरी हाव सुटत नाही तुझी!"

झाकण पातेल्यावर परत बसलं. अगदी नीट, हलक्या हातानं. मांजरी झाकण परत ठेवत नाहीत, हे ध्यानात यायला त्याला क्षणभर लागलं. त्यानं भिंग काढलं. मांजर समोर टेबलावरच बसली होती, पंजा स्क्रूवर.

आत्या काठी टेकत दारात आल्या. डॉक्टरांनी त्यांना साय-लोणी बंद केलं होतं. वरच्या ओठावर पांढरी रेघ होती.

"एकच चमचा घेतला रे," त्या म्हणाल्या.

घड्याळजी ताडकन उठला. हाताची घडी आपोआप झाली. खरं सांगावं तर मांजरीचं नाव फुटणार. न सांगावं तर आत्यांना ढोली म्हटल्याचं पाप माथी.

"आत्या, मी... म्हणजे ते तसं..."

"दादा असाच ओरडायचा." त्यांनी रुमालानं ओठ पुसला. "तो गेल्यापासून मला कुणी 'अगं' म्हटलेलं नाही. ढोली तर लांबच राहिलं."

त्यानं खुर्ची पुढे ओढली. जीभ एकदा अडखळली, मग धीर करून तो म्हणाला,

"आत्या, तू बस ना."

दोन माना वळल्या. एक आत्यांची, दुसरी टेबलावरची. आठवडाभर मुकी झालेल्या मांजरीनं चक्क म्यांव करून ओ दिली.

जन्मभर वर्गाची हजेरी घेतलेल्या बाईंनी मांजरीकडे पाहिलं. मग भाच्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले. त्या खुर्चीत बसल्या, काठी टेबलाला टेकवली आणि मांजर ढकलत होती तो स्क्रू खाली पडेपर्यंत बघत राहिल्या.

"काम नीटनेटकं आहे हिचं," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी बायको घरी आली. चहाला दूध काढायला गेली आणि पातेलं हातात धरूनच बाहेर आली.

"अरे, सगळी साय कुणी संपवली?"

"आत्यानं," घड्याळजीच्या तोंडून निघून गेलं.

"कुठल्या?" बायकोनं आवाज दाबून विचारलं.

आतल्या खोलीत कपाट उघडलेलं होतं, आत्यांच्या बॅगेतल्या साड्या एकेक हँगरवर त्यात अडकवल्याचा आवाज येत होता. हँगर थांबले, आणि शाळेच्या शेवटच्या वर्गापर्यंत पोचेल असा खणखणीत आवाज आला,

"धाकटीनं!"