पुलावरचा शिपाई

टीनाला कुणी विचारलं, बरं आहे का, की ती म्हणायची, बरं हाये. अंगात ताप असो, पाठ धरलेली असो, उत्तर ठरलेलं. मोहाडीकडून तिची आई फोन करायची, तिलाही तेच. काही वर्षांमागे सातव्या महिन्यात तिच्या पोटातलं मूल गेलं. दवाखान्यातून ती बपेऱ्याला घरी आली तशी सारी आळी विचारपूस करायला लोटली, आणि हिने प्रत्येकाला एकच सांगितलं. आळी खूश होऊन चहा पिऊन गेली. लोकांचं काय हो, त्यांना उत्तर नको असतं, सुटका हवी असते.

पुढे पुढे टीना खरीच तशी होऊन बसली. दुःख नाही, आनंद नाही, साधा रागही नाही. चहा पोळला तर जिभेला उशिरा कळायचं. नवरा प्रितम हार्वेस्टर चालवायचा आणि हंगामात महिना महिना बाहेर असायचा. तो गेला तरी हिला काही वाटत नसे, आला तरी नसे. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर तुम्ही उगाच त्याच्या मागे लागाल.

दुपारी भांडी झाली की ती मोबाईलवर एक गेम खेळायची. तोही आवडीने नाही, हात रिकामे राहू नयेत म्हणून. लहानपणी मामाने त्यांच्या घरी जुना कॉम्प्युटर आणून टाकला होता, त्यात हा गेम होता. आता तो फोनवर चालतो म्हणून भाऊ प्रविणने पाठवून दिला. एक झगेवाला वाटसरू, गावोगाव फिरणारा. वाटेत भेटेल तो माणूस लांबलचक इंग्रजी बोलणार आणि शेवटी खाली दोन उत्तरं येणार, त्यातलं एक आपण द्यायचं. आता मोहाडीकडच्या मराठी शाळेतल्या पोरांना ते इंग्रजी कुठून कळायला? खूण आधीच वरच्या उत्तरावर असायची. प्रविण म्हणायचा, एंटर मार अन् पुढं चाल. दोघांनी सारा मुलूख असाच एंटर मारत पालथा घातला.

त्यात ओढ्याकाठी एक पिठाची गिरणी होती. तिथल्या बाईने वाटसरूला भाकरी दिली आणि काहीबाही बोलली. एंटर. पुढे पुलावर शिपाई उभा होता, त्यानेही काही विचारलं. एंटर. शिपायाने मान डोलावली आणि फाटक उघडलं. आठवडाभराने खेळता खेळता दोघं त्याच वाटेने परतले, तर गिरणी जळून गेलेली. दार पडलेलं, बाई नाही, पाण्याचं चाक तेवढं आपलं फिरत होतं. त्या दिवशी टीना जेवली नाही, रडून रडून तिने घर डोक्यावर घेतलं. प्रविणने निकाल दिला की सीडी खराब आहे.

आता टीनाला इंग्रजी वाचता येत होतं. मागच्या आठवड्यात ती पुन्हा त्या गिरणीपाशी पोचली आणि बाईचं बोलणं पहिल्यांदा वाचलं. बाई म्हणत होती, आज आमच्यावर लोक चालून येणार आहेत, पुलावर तेवढं सांगा. पुलावर शिपायाने विचारलेलं इतकंच होतं, मागे सगळं ठीक आहे ना? वरचं उत्तर, हो, ठीक आहे. खालचं उत्तर, नाही, गिरणीवर माणसं पाठवा. खोटं बोललात म्हणून कुणी ओरडत नव्हतं की फाटक अडवत नव्हतं. टीनाने ते वाचलं आणि फोन बाजूला ठेवला. लहानपणी याच बाईसाठी ती उपाशी झोपली होती, आणि आज डोळ्यात टिपूस नाही. आपल्याला काहीच कसं वाटत नाही, याचंही तिला काही वाटलं नाही.

इकडे मंडई जवळ आली. दिवाळीनंतर गावाची मंडई, म्हणजे जत्रा, भरते तेव्हा लग्न झालेल्या लेकी माहेरी येतात, ही इकडची रीत. पण टीनाची नणंद रीता, जिला मागच्या उन्हाळ्यात पवनीजवळच्या कोंढ्याला दिली होती, तिच्या सासरचा निरोप आला की धान कापणी चालू आहे, यंदा पाठवत नाही. सासरे श्रावण गुडघ्याने बेजार, प्रितम हार्वेस्टरवर. मग सासू कलाबाईने चिवडा, करंज्या, नवी साडी पिशवीत भरली आणि टीनाला बसमध्ये बसवून दिलं.

कोंढ्यात टीनाचं स्वागत झक्क झालं. रीताची सासू शकुनबाई गोड बोलण्यात कुणाला हार जाणारी नव्हती. टीनाच्या आणि रीताच्या मध्ये बसून तिने गप्पा मारल्या आणि जेवणही मध्ये बसूनच केलं. रीताचा मोबाईल बिघडला आहे, सुधारायला टाकू म्हणतो, पण सवड कुठे आहे, असं तिनेच सांगून टाकलं. रीताचा नवरा तोंडदेखलं हसून शेतावर निघून गेला. रीता चहा घेऊन आली आणि तिने अर्धा बशीत सांडला. टीना बघत राहिली. रीता डावखुरी. माहेरी ती सगळं डाव्या हाताने करायची, कलाबाई त्यावरून तिला येता जाता बोलायची. इथे ती उजव्या हाताने ओतत होती आणि डावा कोपर पोटाशी धरून होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर दोघी जेमतेम एकट्या सापडल्या. हाताला काय झालं, टीनाने विचारलं.

"शेताच्या धुऱ्यावरून पाय घसरला," रीता म्हणाली. "घरी सांगजो, मी बरी हाये."

बस आली तेव्हा शकुनबाई शेजारीच उभी होती. रीताने टीनाची रिकामी पिशवी हातात धरली होती, ती तिने द्यायला पुढे केली, पण बंद सोडेना. तोंडाने हसत होती, पुन्हा येजो वहिनी, पुन्हा येजो म्हणत होती आणि बोटं पिशवीच्या बंदाला घट्ट. कंडक्टर खेकसला तेव्हा कुठे पिशवी सुटली.

दुपारी टीना बपेऱ्याला उतरली. श्रावण अंगणात सुतळी-दाभण घेऊन धानाच्या पोत्याचं तोंड शिवत होते. आत कलाबाई मंडईच्या पाहुण्यांसाठी तळण काढत होती. सासऱ्यांनी मान वर न करता विचारलं, बरी हाये ना पोरगी?

त्या विचारण्यातच उत्तर ठेवलेलं होतं. टीनाने तेच उचलून दिलं, बरी हाये. श्रावणने मान डोलावली आणि दाभण पुढच्या टाक्याला लावलं. आतून कलाबाई म्हणाली, जीव भांड्यात पडला बाई. सगळं कसं सुरळीत. टीना आत गेली, तांब्याभर पाणी प्यायली, पिशवी खुंटीला अडकवायला गेली. बंद पिळून पिळून दोरीसारखा झालेला होता. ती तो सरळ करत बसली, तो सरळ होईना.

तेव्हा तिला शिपायाचं ते मान डोलावणं आठवलं. गेममध्ये शिपाई दुसऱ्यांदा विचारत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. लहानपणी ती दहादा त्या पुलावरून गेली होती, तो पुन्हा तोंड उघडत नसे. पण हा शिपाई आपल्याच अंगणात पोतं शिवत बसलेला होता. पिशवी हातात तशीच घेऊन ती बाहेर आली.

"मामाजी," ती सासऱ्यांना म्हणाली, "परत विचारा."

श्रावणने आता मान वर केली. सून असं कधी बोलत नसे. दाभण पोत्यात तसंच खुपसून ठेवून त्यांनी हळू विचारलं, "पोरगी बरी हाये का?"

"नाही," टीना म्हणाली. "बरी नाही. हात मोडला हाये तिचा, अन् कोणी दवाखान्यात नेलं नाही. तिले घेऊन या."

मग तिने सांडलेल्या चहाचं सांगितलं, बिघडलेल्या मोबाईलचं सांगितलं, पिशवीचा बंद दाखवला. आवाज नेहमीचाच, सपाट. कलाबाई झारा हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली होती, आत तेल जळायला लागलं. श्रावण गुडघा धरून उठले, शेजारच्या नत्थूला त्याची बोलेरो काढायला लावली आणि गावातली दोन जाणती माणसं गाडीत घातली. कोंढ्यात काय बोलणं झालं ते त्यांनी पुढेही कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मंडईचे ढोल वाजत असताना बोलेरो दाराशी थांबली. रीता उतरली, डाव्या हाताला कोपरावरपर्यंत प्लास्टर. कलाबाईने तिला पोटाशी धरलं आणि मोठ्याने रडली, श्रावण पाठ फिरवून हातपाय धूत राहिले. टीना चुलीशी होती. तिला वाटलं, आता तरी आपल्याला काही वाटेल. पण काहीच वाटलं नाही. तिने भात उतरवला.

माणसं पांगल्यावर रीता आत येऊन तिच्याजवळ पाटावर बसली.

"मी तर बरी हाये म्हणून सांगितलं होतं," रीता म्हणाली.

"मी पण पयले तेच सांगितलं," टीना म्हणाली.

रीताने तिच्या तोंडाकडे पाहिलं. तेच दोन शब्द लग्नापासून खोटे बोललेली पोरगी ती, तिला बरोबर ऐकू आलं असणार. "अन् तू, वहिनी?" ती म्हणाली. "तू बरी हायेस का?"

बरं हाये, टीनाच्या तोंडातून निघूनही गेलं. रीताने मान डोलावली नाही. टीनाने हातातली पळी खाली ठेवली. ओठ हलायला लागले होते, ते तिला आवरेनात.

"परत विचार," ती म्हणाली.

रीताने परत विचारलं.