शपथेसाठी फिरवलेली खिडकी

मी एक जुनी खिडकी आहे, मित्रांनो, आणि सुरुवातीलाच सांगते, मी चिडलेली आहे. दीडशे वर्षं होऊन गेली तरी माझा राग गेलेला नाही. चार काचा, पाइनच्या लाकडाची चौकट, आणि वरची उजवी काच तडकलेली. आता मी एका लहानशा संग्रहालयात भिंतीला टेकून उभी आहे. माझ्याखाली एक पाटी लावली आहे. तिचं शेवटी सांगते, नाहीतर आत्ताच माझं तोंड सुटेल.

मला अमेरिकेत, ओहायोतल्या एका सुताराने बनवलं. त्याची मुलगी ऑर्फा नवऱ्याबरोबर पश्चिमेला निघाली होती. सरकार तिकडे फुकट जमीन देतंय, ही बातमी घरोघर पोचली होती. बापाने माझ्या खालच्या पट्टीवर आपलं नाव कोरलं आणि लेकीला म्हणाला, "बाकी काहीही विक, ही विकू नकोस. उजेडाशिवाय माणूस खुळावतो गं."

काचा फुटू नयेत म्हणून त्या मक्याच्या पिठाच्या पिंपात खुपसल्या. वाटेत पीठ संपत गेलं तशा त्या वर दिसू लागल्या. तोवर ऑर्फाचा नवरा तापाने गेला होता. त्याला नदीकाठी पुरून तिने चाबूक हातात घेतला आणि बैलांबरोबर चालू लागली.

कॅन्ससच्या माळावर लाकूड औषधालाही नव्हतं. शेजाऱ्यांनी मिळून गवताच्या मुळांसकट जमिनीचे चिरे कापले आणि तिचं घर उभं केलं. दक्षिणेच्या भिंतीत मला बसवलं. पंचक्रोशीत काचेची खिडकी माझ्याशिवाय नव्हती. बायका मैल मैल चालत मला बघायला येत. शेजारची म्हातारी केझाया, जिच्या जिभेला हाड नव्हतं, ती तर म्हणाली, "अगं ऑर्फा, घर मातीचं आणि खिडकी राणीची! आता उंदीरसुद्धा केस विंचरून येतील बघ."

तिथल्या मूळच्या कॉ जमातीची एक आजी नातीला घेऊन यायची. ती रानातली वाळवलेली फळं आणायची, ऑर्फा तिला पाव आणि काकवी द्यायची. आजी माझ्या काचेवर बोट वाजवून हसायची. नातीला ऑर्फाची भाषा थोडीफार येत होती. एकदा ती म्हणाली, "आजी विचारतेय, ही जमीन तुझी कधी होणार?"

ऑर्फाने पाच बोटं दाखवली. "पाच वर्षं राहायचं. घराला दार-खिडकी हवी. तशी शपथ घेतली की कागद मिळतो."

आजीने ती पाच बोटं एकेक करून मोजली. त्या दिवशी ती हसली नाही.

पाच वर्षं संपत आली तेव्हा गावातला जमिनीचा दलाल क्रॉले दारात आला. "वहिनी, दोन दिवस खिडकी द्या हो. आमच्या एका माणसाच्या घराला दाखवायचीय."

त्या माळावर उसन्याला नाही म्हणायची रीतच नव्हती. नांगर, बैल, अगदी दारसुद्धा लोक देत. ऑर्फा म्हणाली, "न्या भाऊ, पण जपून. शुक्रवारी माझी शपथ आहे. त्याआधी आणा."

"शुक्रवार कशाला? उद्याच आणतो!"

त्याने मला गाडीत असं फेकलं की वरची काच तडकली. त्यावर त्याने खळीने लाल चिंधी चिकटवली. मग सुरू झाली माझी वरात. पाच जमिनी, पाच रिकामी खोपटी. एकातही चूल नाही, अंथरूण नाही. क्रॉले मला भिंतीला टेकवायचा आणि भाड्याच्या साक्षीदारांना विचारायचा, "पाहिली का खिडकी?" ते म्हणायचे, "पाहिली." की मला पुन्हा गाडीत फेकायचा. मित्रांनो, उजेड आत आणायला माझा जन्म झाला, आणि या माणसाने मला खोट्याची साथीदार केलं! मला हात असते तर मी त्याचा कान पिळला असता.

शुक्रवार उजाडला तरी त्याने मला परत केलं नाही. ऑर्फाच्या जमिनीत गोड्या पाण्याचा झरा होता, त्यावर त्याचा डोळा होता. जमिनीच्या कचेरीसमोर त्याची गाडी उभी होती आणि मी ताडपत्रीखाली होते. कचेरीचं दार उघडं असल्याने शब्दन् शब्द ऐकू येत होता, आणि ताडपत्रीच्या फटीतून दिसतही होतं.

आधी क्रॉलेने आपल्या माणसांच्या नावाने केलेल्या पाच अर्जांवर साक्षी झाल्या. बारकावे सांगितले की खरं वाटतं, असं त्याने साक्षीदारांना पढवलं होतं. पाचही वेळा तेच ऐकू आलं, "होय साहेब, खिडकी आहे. चार काचा. वरची उजवी तडकलेली, लाल चिंधी लावलेली."

मग ऑर्फाची पाळी आली. कारकुनाने विचारलं, "घराला खिडकी आहे?"

"हो म्हण मेले, हो म्हण!" तिच्या साक्षीला आलेली केझाया कुजबुजली.

"आज नाही, साहेब," ऑर्फा म्हणाली. "ती क्रॉलेंनी उसनी नेलीय."

"मी?" क्रॉले हसला. "बाईंना ऊन लागलंय. यांच्या भिंतीला नुसतं भोक आहे, त्यावर पोतं. यांचा अर्ज रद्द करा, तिथे मी अर्ज करतो."

कारकुनाने लेखणी उचलली. पाच वर्षांचा घाम, नवऱ्याची वाटेतली कबर, सगळं त्या लेखणीच्या टोकाखाली आलं होतं. तेवढ्यात केझाया गरजली, "पाच घरं, आणि पाचही खिडक्या एकाच कोपऱ्यात तडकल्या? अहो साहेब, गारासुद्धा इतक्या शिस्तीत पडत नाहीत! जरा याच्या गाडीतली ताडपत्री उचला की."

लोक हसले, पण कारकून हसला नाही. तो बाहेर आला, त्याने ताडपत्री ओढली. ऑर्फाने मला उलटं करून बापाचं नाव दाखवलं. क्रॉलेचे पाचही अर्ज रद्द झाले. ऑर्फाला कागद मिळाला. परतताना तिने मला मांडीवर घेतलं होतं आणि ती रडत होती.

गोष्ट इथे संपली असती तर माझा राग कधीच निवला असता.

त्याच उन्हाळ्यात कॉ लोकांना सरकारने दक्षिणेला हलवलं. त्यांची रांग आमच्या घरावरून गेली. मी सगळं पाहिलं. ऑर्फा पाव घेऊन धावली. आजीने पाव घेतला आणि काहीतरी बोलली. नात म्हणाली, "आजी म्हणते, तुला पाच वर्षं आणि एक खिडकी लागली. तिची आजी इथेच पुरलीय, तिच्या आजीची आईही इथेच. तिला किती खिडक्या लागतील?"

ऑर्फा चांगली बाई होती, खोटं बोलायची नाही. आत येऊन तिने माझ्यावर पडदा ओढला. तिचा मला आयुष्यात तेवढा एकदाच राग आला.

आता त्या पाटीचं ऐका. तिच्यावर लिहिलंय, 'या माळावरच्या पहिल्या घराची खिडकी.' पहिल्या! क्रॉलेच्या साक्षीदारांचं खोटं निदान एका दिवसात उघडं पडलं. हे तर रोज मुलांना वाचून दाखवतात, आणि माझ्यासमोर!

मित्रांनो, मला जपा, माझ्या काचांवर धूळ बसू देऊ नका. पण फडकं घेऊन कधी आलात, तर आधी ती पाटी पुसा.