गणपत घाड्याने मागितलेला वारा

त्या मॅचमधून गणपत घाड्याला काय मिळणार होतं, हे माडबंदरात त्याच्यापेक्षा इतरांनाच जास्त पाठ होतं. मुंबईच्या एका मोठ्या कंपनीला आपल्या फुटबॉल टीमसाठी एक गोली हवा होता. गोली म्हणजे नोकरी, नोकरी म्हणजे कंपनीची खोली, आणि खोलीमागून मनीऑर्डर. मनीऑर्डर म्हणजे पोस्टमनने अख्ख्या वाडीच्या देखत गणपतच्या खळ्यात सायकल टेकवणं. पुढे मॅट्रिक झालेली सून, आणि सुनेच्या माहेरची माणसं आली की त्यांच्यासमोर मुंबईचा विषय मुद्दाम न काढण्याचं सुख. एवढं सगळं त्याचा मुलगा बाळा याने किती बॉल अडवले यावर अवलंबून होतं.

गोवा पोर्तुगिजांच्या हातून सुटून चार वर्षं झाली होती. तालुक्याच्या गावी नवीन कॉलेज निघालं होतं. इमारत अर्धी होती, ग्रंथालय एका कपाटात मावत होतं, पण फुटबॉलची टीम मात्र पुरी होती, कारण अकरातले सात जण माडबंदरचे, गोली बाळा धरून. गावचे बाप गलबतांवरून गोव्याच्या खेपा करायचे आणि तिथून काही आणायचे ते बहुतेक वाटेतच संपायचं. फुटबॉल तेवढा घरापर्यंत पोचला होता. कॉलेजला मैदान नव्हतं. भातकापणी झाली की दत्ताराम गावकराचा समुद्राकाठचा मळा सपाट व्हायचा, तेच मैदान. त्यामुळे टीम कॉलेजची असली तरी ती आपण कॉलेजला वापरायला दिली आहे असंच गाव समजून होतं.

सामना गोव्याच्या एका कॉलेजशी ठरला. कंपनीचा साहेब स्वतः बघायला येणार होता.

इथे गणपतला एक अडचण दिसली, आणि ती त्याने कुणाला सांगितली नाही. आपली पोरं जोरात खेळली तर बॉल सगळा वेळ गोवेकरांच्या गोलापाशी राहणार. मग बाळा दोन खांबांमध्ये राखणदारासारखा उभा, आणि साहेबाला दिसणार तो गोवेकरांचा गोली. गावाला जिंकायचं होतं. गणपतलाही जिंकायचं होतं, फक्त त्याआधी आपल्या पोरावर भरपूर हल्ले व्हायला हवे होते.

आता देवासमोर गाऱ्हाणं घालण्याचा मान घाड्यांच्या घराकडे. मॅचच्या दोन दिवस आधी सगळा गाव रवळनाथाच्या देवळात जमला. गणपत हात जोडून पुढे उभा राहिला.

"बा देवा रवळनाथा, ही पोरां तुज्या पायाकडे इली हत."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला.

"गोंयच्या कॉलेजावांगडा मॅच धरलेली आसा, तेच्यात तेंका यश दी."

"व्हय म्हाराजा."

"कोनाचो पाय मोडाक देऊ नको."

"व्हय म्हाराजा."

"आनि दर्यावरचो वारो मळ्यार येवंदे. भरभरान येवंदे."

"व्हय म्हाराजा."

समुद्राच्या बाजूचा गोल गोवेकरांचा, डोंगराच्या बाजूचा बाळाचा. दर्याचा वारा सुटला की गोवेकरांचे सगळे बॉल बाळाकडे जाणार, एवढा साधा हिशेब. अर्ध्या वेळेनंतर बाजू बदलतात हे गणपतला माहीत होतं, पण देवावर एका वेळी फार लादू नये असं त्याचं मत होतं. गावाने विचार केला नाही. गाऱ्हाण्यात "व्हय" म्हणायचं असतं, ऐकायचं असतं असं कुणी कधी सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोवेकर लॉरीतून बांद्यावरून आले. संध्याकाळी वारा आला.

भरभरान आला. पहाटेपर्यंत त्याने दत्तारामचे पन्नासेक माड आडवे केले, पाच होड्या उचलून शाळेच्या पटांगणात ठेवल्या आणि शाळेचं छप्पर उचलून जिथे होड्या होत्या तिथे ठेवलं. मळ्यात खारं पाणी घुसलं. घरोघरच्या खळ्यांत मळणीसाठी रचलेल्या भाताच्या उडव्या होत्या, त्या समुद्राने नेल्या. गोलाचे खांब कुठे गेले हे कुणी विचारलंही नाही. माणूस मात्र एकही दगावलं नाही, आणि माणसं शाबूत राहिली की दोष कुणाचा याला वेळ मिळतो.

घरं बहुतेक उघडी पडली. एका घराच्या छपराचा एक नळाही हलला नव्हता. ते घर गणपतचं. ते दरडीच्या आडोशाला होतं, बापाने तसं मुद्दाम बांधलं होतं आणि गाव त्याला इतकी वर्षं बीळ म्हणत आला होता. त्या सकाळी मात्र कुणाला दरड दिसेना.

गाव पुन्हा देवळात जमला. दत्ताराम गावकर गावचा मुख्य मानकरी. त्याने आपले माड मोजून झाल्यावरच बोलायला सुरुवात केली.

"गणपत, तू देवाकडे वारो मागलंस?"

"मागलंय. तुमी व्हय म्हटलात."

"आमी सगळ्याकच व्हय म्हंतांव."

"मगे माजो एकट्याचो काय गुन्हो?"

हौसाबाई मासेवाली मागे उभी होती. तिचं माडाच्या चुडतांचं छप्पर रात्रीच गेलं होतं. ती म्हणाली, "गुन्हो नाय रे बाबा. तुजा देव ऐकता, आमचा ऐकना नाय, इतक्याच. आता एक कर. माज्या नवऱ्याची दारू सुटांदे म्हणान एकदा सांग."

"मी कोनाचो पाय मोडाक देऊ नको म्हनान पन सांगितलंय," गणपत म्हणाला. "मोडलो कोनाचो?"

"माज्या म्हशीचो."

"म्हशीचा नाव गाऱ्हाण्यात नव्हता."

यावर देवालाच विचारावं असं ठरलं. गुरवाने पाषाणाला फुलाच्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर गणपत दोषी, डावी पडली तर सुटला. पण देवळात इतकी ओल भरली होती की पाकळ्या पाषाणाला चिकटून बसल्या. गाव दुपारपर्यंत ताटकळला. कुठलीच पाकळी पडली नाही. शेवटी दत्तारामने निवाडा केला. मागितलेल्यातला वारा मिळाला आहे, यश अजून देवाकडेच आहे. मॅच न खेळता गप्प बसलो तर अर्धं गाऱ्हाणं तसंच लोंबकळत राहील, आणि त्या अर्ध्याचं देव पुढे काय करील ते सांगता येत नाही. म्हणून मॅच व्हायलाच हवी. आणि वाट मोकळी होईपर्यंत गोवेकरांना गणपतने सांभाळायचं, कारण छप्पर त्याच्याकडेच आहे.

गणपतला यात शिक्षा दिसली नाही. साहेबही आंबोलीच्या घाटात पडलेल्या झाडांमागे अडकला होता, तोही पोचायचा होता. म्हणजे बाळाची नोकरी अजून जिवंत होती. त्याने घरी येऊन बायकोला, सुभद्रेला, पाहुण्यांचं सांगितलं.

"खाणार काय ते?" तिने विचारलं. "भात दर्यात गेला."

"माळ्यार मुड्ये हत ना."

माळ्यावर गवताने आवळून बांधलेल्या भाताच्या दोन मुड्या होत्या. पुढच्या पेरणीचं बियाणं. सुभद्रा शिडी लावून वर चढली.

वाट मोकळी होईपर्यंत गोव्याची टीम त्या घरात राहिली. सगळ्यात जास्त पेज त्यांचा गोली मिंगेल प्यायचा. दाराएवढा माणूस, लाजत लाजत पाचव्यांदा वाडगा पुढे करायचा. सगळ्यात कामाचा कायतान. हा त्यांचा फॉरवर्ड. याच्या पायातून बॉल सुटला की गोलीने बाजूला व्हावं असं म्हापशापर्यंत म्हणत. त्याने सुभद्रेला विहिरीचं पाणी शेंदून दिलं, हौसाबाईचं छप्पर शाकारून दिलं, आणि दुसऱ्याच दिवसापासून सुभद्रेला मावशी म्हणायला लागला. गणपतला कायतान फार आवडला. एवढ्या जोरात मारणारा माणूस आपल्या पोरासमोर येणार, याहून चांगलं काय मागावं.

शनिवारची मॅच बुधवारी झाली. गोलाला माडाचे खांब लावले, त्यांचा तुटवडा नव्हता. बघायला एरवीच्या तिप्पट माणसं आली, कारण घरी बसायला घर कमी लोकांना होतं. कर्ज कुठे मिळेल, होडी दुरुस्त होईल का, हे बोलत माणसं मळ्यापर्यंत आली आणि शिट्टी झाल्यावर थांबली. साहेब झाडं हटवणाऱ्या ट्रकमधून उतरला, पँटवर चिखल, हातात छत्री. वारा मात्र नव्हता. पानही हलत नव्हतं, आणि हलायला पानं फारशी उरलीही नव्हती.

दहाव्या मिनिटाला कायतान तिघांना चुकवून एकटा पुढे आला. समोर फक्त बाळा. गणपत रेषेपर्यंत पुढे सरकला. कायतानने बाळाकडे पाहिलं, मग बांधावर पदर खोचून उभ्या असलेल्या सुभद्रेकडे, आणि बॉल मागे पास केला.

पुन्हा एकदा आला, तेव्हा बॉल खांबाच्या हातभर बाहेरून घातला. तिसऱ्यांदा दत्तारामच्या आडव्या माडांत.

"मार रे," गणपत रेषेवरून ओरडला. "सरळ मार."

आजूबाजूचं गाव त्याच्याकडे वळलं.

"तो गोंयकारांचो झालो," हौसाबाई म्हणाली. "चार दिस एका घरात रवलो ना."

अर्ध्या वेळेला गणपत कायतानला गाठून बाजूला घेऊन गेला. "मारनस कित्याक नाय रे?"

"काका, मावशेच्या हातची पेज जेवलां हांव," कायतान म्हणाला. "तिच्या पुताक गोल कसो मारूं?"

"मार तू. तो अडयतलो."

"आनी अडोवंक शकलो ना जाल्यार?"

गणपतने बाळाला लहानपणापासून बॉल अडवताना पाहिलं होतं, पण कायतानचा बॉल अडवताना कधी पाहिलं नव्हतं. तो परत येऊन सुभद्रेशेजारी उभा राहिला. "तू घराक जातंस?" त्याने विचारलं. "जरा वेळ?"

"मॅच बघूक इलंय," ती म्हणाली.

दुसऱ्या अर्ध्या वेळेत सगळा खेळ गोवेकरांच्या गोलापाशी झाला. माडबंदरची पोरं पेज कमी आणि राग जास्त घेऊन उतरली होती. त्यांनी मिंगेलवर डोक्याने, पायाने, एकदा चुकून पाठीने बॉल मारले. मिंगेलने ते आडवा पडून, उडी मारून, गुडघ्याने अडवले. त्याची एकेक उडी झाली की साहेब छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घ्यायचा. संपायला थोडाच वेळ उरला असताना एक बॉल चिखलात थांबला, मिंगेल पुढे घसरला, आणि कुणीतरी तो आत ढकलला. एक-शून्य. देवाने उरलेलं अर्धं दिलं. गाव ओरडला, पण बेताने. पुढे काय येईल सांगता येत नव्हतं.

साहेब मिंगेलचं नाव-गाव लिहून घेऊन बाळापाशी आला.

"तू काय केलंस?" त्याने विचारलं.

"उभा होतो, सर."

"चांगला उभा होतास," साहेब म्हणाला. माणूस सभ्य होता.

त्या संध्याकाळी बापलेक मळ्यातून माडाचे खांब खांद्यावर घेऊन परतले. वाटेत बाळा म्हणाला, "बाबा, त्याने मारला असता तर मला अडवता आला नसता."

"माका म्हायत आसा," गणपत म्हणाला, आणि खांदा बदलला.

मिंगेल महिन्याभरात मुंबईला गेला. त्याला फक्त पेजेच्या पाचव्या वाडग्याची लाज खर्च करावी लागली होती. दत्तारामचे माड गेले. गणपतकडे गाऱ्हाण्याचा मान राहिला, पण यापुढे काय मागणार ते आधी दत्तारामला ऐकवायचं अशी अट पडली, आणि गाव "व्हय" म्हणण्याआधी थोडं थांबायला लागला, त्यामुळे गाऱ्हाणी लांबली. हौसाबाईची म्हैस लंगडी झाली ती झालीच. कॉलेजला मॅचची ढाल मिळाली. बाळा परीक्षा देऊन आंबोलीच्या रस्त्यावर मुकादमाच्या हाताखाली कामाला लागला.

मृगाच्या आधी सगळ्या गावाला सरकारी बियाणं मिळालं, पण ज्यांचं घर पडलं त्यांनाच. घाड्याचं घर उभं होतं. सुभद्रा बांद्याला भावाकडे गेली आणि दोन मुड्या बियाणं मागून, एसटीच्या टपावर चढवून घेऊन आली. त्याच्या बदल्यात पावसाळाभर भावाच्या शेतात लावणीला यायचं कबूल केलं. निघताना भावाने विचारलं, मॅचचं काय झालं शेवटी.

"आमी जिंकलांव," सुभद्रा म्हणाली.